वसाहतीपासून नदीपर्यंत

मुलाचा गुडघा वाकेना. मी आधी वरून दाबला, मग खालून हात घालून ओढला. आख्खा पाय उचलला गेला आणि सोडल्यावर तसाच सरळ खाली आला. दवाखान्यात मढी सांभाळणारा माणूस शेजारीच उभा होता. त्यानं मला अडवलं नाही. तिसऱ्यांदा करून पाहिलं तेव्हा माझ्याच मनगटात कळ आली आणि मी हात काढून घेतला. मुलगा आडवाच ताठरला होता.

आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्याला जाळत नाहीत आणि आडवा पुरतही नाहीत. जीव गेला की अंग गरम आहे तोवर त्याला मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, त्याच्या गळ्यातलं लिंग डाव्या हातात देतात आणि बसलेलाच खड्ड्यात उतरवतात. सिरसाळ्यात आमच्या आळीत कुणी गेलं की शेजारीपाजारी आधी हे करतात, रडणं मागून. माझ्या नवऱ्याची मांडी मी स्वतः घातली होती. मुलाची घालता आली नाही, कारण तो गावाच्या एका टोकाला मेला आणि मी दुसऱ्या टोकाला होते.

हे गाव आफ्रिकेतलं. युगांडा देशात समुद्राएवढं एक तळं आहे, त्यातून नाईल नदी निघते. निघते तिथंच काठावर हे कारखान्यांचं गाव आहे.

मुलगा इकडं सिरसाळ्याच्या जिनिंगमध्ये फिटर होता. बाजार खुला झाला असं सगळे म्हणायचे ती वर्षं. परळीत नवी दुकानं निघत होती, घरोघर रंगीत टीव्ही येत होते, आणि जिनिंग मात्र कापसाच्या हंगामापुरतीच चालायची. जिनिंगच्या मालकाच्या नात्यातल्या एकानं तिकडं सरकीच्या तेलाचा एक बंद पडलेला कारखाना विकत घेऊन सुरू केला होता. जुनी यंत्रं समजणारा माणूस त्याला पाहिजे होता. मुलगा तिकडं कामाला गेला. वर्षभरानं बायकोला नेलं. तिला दिवस गेले तेव्हा मला बोलावलं, कारण तिथं बाळंतपण करायला आपलं माणूस नव्हतं. मी चौथी शिकलेली बाई, रेल्वेतसुद्धा दोनदाच बसलेली. विमानात डोळे मिटून बसले आणि उतरल्यावर उघडले.

"कावून बोलावलं रं एवढ्या लांब?" मी त्याला विचारलं.

"तुला पाणी दाखवायला," तो म्हणाला.

पहिल्याच रविवारी त्यानं आम्हा दोघींना नदीवर नेलं. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. हिरवं, जाड, घाईत चाललेलं.

"उन्हाळ्यात किती उरतं?" मी विचारलं.

"एवढंच ऱ्हातं, माय."

"खोटं बोलू नगं."

"इथं आपल्यासारका उन्हाळाच न्हाई. म्हणशील तर परळीकडं वळवून देतो."

"आधी आपल्या खोलीतल्या नळाला आण. मग परळीचं बघू."

सून तोंडाला पदर लावून हसली. खोलीतल्या नळाला खरंच पाणी नसायचं. धरण गावाला लागूनच होतं, त्यावर वीज तयार व्हायची, ती कारखान्यांना जायची आणि म्हणे दुसऱ्या देशालाही जायची. आमच्या वसाहतीत कंदील. मला त्याचं नवल वाटलं नाही. परळीला औष्णिक केंद्राची धुराडी आहेत आणि शेजारच्या खेड्यांत दिवे नाहीत, ते बघतच मी म्हातारी होत आले होते.

गाव समजायला सोपं होतं. इंग्रजांनी पट्टी घेऊन आखल्यासारखं. मावळतीला नदी, दक्षिणेला तळं. नदीच्या आणि तळ्याच्या काठाला साहेबांचे बंगले, मोठमोठी अंगणं, हिरवळ. त्या हिरवळीवर पाणघोडे चरायला येतात असं मुलगा सांगायचा. मी एकदाच त्यांचं शेण पाहिलं, तेवढ्यावर विश्वास ठेवला. बंगल्यांच्या मागं बाजाराचा एक सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना गुजराती लोकांनी बांधलेली दुकानं. प्रत्येक इमारतीच्या कपाळावर बांधल्याचं साल आणि मालकाचं नाव. नाव गुजराती अक्षरात आणि खाली दुकान मात्र दुसऱ्याचंच. वीस-बावीस वर्षांपूर्वी तिथल्या राजवटीनं या लोकांना नेसत्या कपड्यानिशी हाकलून दिलं होतं. आता नवं सरकार म्हणत होतं, या, कागद दाखवा, घर परत घ्या. तसा एक म्हातारा गुजराती रोज आपल्या बापाच्या घरासमोर खुर्ची टाकून बसायचा, आतले लोक कधी निघतात ते बघत. मला पाहिलं की 'केम छो बेन' म्हणायचा. दवाखाना याच रस्त्याच्या शेवटी, नदीच्या अंगाला.

बाजार संपला की रेल्वेचे रूळ. रुळांच्या पलीकडं कारखाने. निम्मे बंद. कापडाच्या गिरणीच्या धुराड्यात पिंपळासारखं एक झाड उगवलं होतं. तांबं वितळवायची भट्टी थंड पडली होती. चालू होते ते साबणाचे, तेलाचे आणि कातड्याचे, आणि वारा फिरेल तसा यातला एकेक वास गावावर यायचा. त्यांच्या भिंती पार लांबवर, मध्ये फट नाही. भिंतींवर टकल्या डोक्याचे, माणसाएवढे उंच बगळे बसायचे, कचरा खाणारे. भिंती संपल्या की अगदी उगवतीला कामगारांची वसाहत. पत्र्याच्या छपराच्या खोल्यांच्या ओळी, दारावर आकडे. आमची खोली शेवटून दुसऱ्या ओळीत.

म्हणजे आमच्या दारापासून नदीपर्यंत जायचं तर आधी कारखाने, मग रूळ, मग बाजार, मग दवाखाना. मधूनच कुठं वळायची सोय नाही. साहेबांनी गाव आखताना कामगार कामावर कसा जाईल ते बघितलं होतं. तो आजारी पडला तर कसा जाईल ते बघितलेलं दिसलं नाही.

मला तिथं चार महिने झाले होते तेव्हा मुलाला ताप आला. थंडी वाजून ताप. असा ताप आमच्याकडं पावसाळा सरता सरता घरोघर येतो. माणूस दोन गोळ्या खातो, घोंगडी घेऊन पडतो आणि चौथ्या दिवशी कापूस वेचायला जातो. मी तुळस, मिरे आणि आलं उकळून काढा दिला. अंगावर दोन चादरी टाकल्या.

"आत्या," सून म्हणाली, "शेजारीण म्हणती, हितला ताप लई वाईट. दवाखान्यात न्यायचं का?"

"थंडीतापाला कुनी दवाखान्यात जातंय का? घाम आला की उतरंल."

घाम आला आणि उतरला. मी सुनेला म्हणाले, बघ. दुसऱ्या दिवशी परत चढला. त्या दिवशीही मी काढाच दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, मशीन बंद करा, हात हाय आत." त्यानंतर त्यानं मला ओळखलं नाही. कारखान्याची पिकअप आली आणि त्याला घेऊन गेली. ताप डोक्यात गेला असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी त्यांचं सगळं केलं. आणला उशिरा, तो मी.

मी त्याच्याबरोबर गेले नाही, कारण सुनेलाही आदल्या दिवसापासून कणकण होती आणि तिला सातवा महिना होता. मुलाजवळ कारखान्यातला एक सोबती बसला.

मुलगा दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. मला कळलं ते ऊन चांगलं तापल्यावर. दवाखान्यानं कारखान्याच्या हपिसाला फोन केला, हपीस उघडल्यावर मॅनेजरला कळलं, मॅनेजरनं माणूस पाठवला तो आधी गुजराती म्हाताऱ्याकडं, लाकडं आणायला. मग माझ्याकडं. आधी लाकडं, मग आई. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. तिथल्या सगळ्या हिंदूंचं तसंच व्हायचं.

शेजारीण तिथलीच होती, विधवा, तळ्यातली बारकी मासळी वाळवून विकायची. तिकडं वयाच्या बाईला सगळे 'मामा' म्हणतात. मला ती मामा म्हणायची आणि मी तिला. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी भांडणसुद्धा झालं होतं आमचं, पाण्याच्या नंबरावरून. मी तिला सुनेकडं हात दाखवला. ती मासळीचं टोपलं तसंच उन्हात टाकून आमच्या खोलीत जाऊन बसली.

मी विभूतीची डबी कमरेला खोचली आणि निघाले. मला एकच घाई होती. अंग गरम असेल तोवर पोचायचं. पहाटेचा गेलेला माणूस दुपारी गरम राहत नाही, हे मला कळत होतं. पण तिकडचं ऊन वेगळं, कदाचित राहील, असंही मी स्वतःला सांगत होते. भिंतीकडेनं चालत राहिले. साबणाची भिंत, मग तेलाची, मग बंद गिरणीची. रुळांपाशी आले तर मालगाडी आडवी उभी. चाळीसेक डबे असतील. मी डब्याखालून वाकून जायला लागले तर फाटकवाल्यानं दंड धरून मागं ओढलं. मी त्याला मराठीत शिव्या दिल्या. तो काहीतरी समजावत राहिला. गाडी हलेपर्यंत सावली माझ्या पायाखाली आली होती.

मग गुडघा वाकला नाही, ते सांगितलंच.

बाहेर गुजराती म्हातारा आणि मॅनेजर उभे होते. पिकअपमध्ये लाकडं भरलेली.

"बेन, सब तैयार है," म्हातारा म्हणाला. "नदी पे अपनी जगह है. मेरे बाप को भी वहीं जलाया."

"हमारे में जलाते नै," मी म्हणाले. आमची हिंदी निजामाच्या वेळची. "हमारे में बिठाके मिट्टी देते."

"बिठाके? हिंदू होके?"

"हिंदू होके."

त्यानं मॅनेजरकडं पाहिलं. मॅनेजरनं घड्याळाकडं.

"बेन, जमीन कहां से लाऊं? इस गांव में मरने की भी लाइन खिंची हुई है. गोरे टेकडी पे, ईसाई उनके नीचे, मुसलमान स्टेशन के पीछे, हम नदी पे. बैठनेवाला यहां आज तक कोई मरा नहीं."

"तो ये पहला. तीन हाथ जगा होना. बैठनेवाले को ज्यादा नै लगती."

मढी सांभाळणारा माणूस दारात येऊन ऐकत होता. त्याला भाषा कळली नसेल, पण मी आत गुडघे दाबताना त्यानं बघितलं होतं. त्यानं म्हाताऱ्याला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि आपला कोपर ताठ धरून हळूहळू वाकवून दाखवला.

"ये बोलता है," म्हातारा म्हणाला, "कल दोपहर के बाद बदन अपने आप ढीला पडेगा. फिर बिठा सकते हो."

हे मला माहीत नव्हतं. आमच्यात एवढा वेळ मढं कुणी ठेवतच नाही. मी त्या माणसाला हात जोडले.

"तो कल तक रुको," मी म्हाताऱ्याला म्हणाले.

"इस गरमी में?"

"मैं बैठती उसके पास. जगा भी मैं मांगती, जिसके पांव पडना उसके पडती. तुम खाली बात करो."

मॅनेजर हलक्या आवाजात म्हणाला, बाई डोक्यानं गेली.  म्हाताऱ्यानं मात्र लाकडांबरोबर आलेल्या माणसांना हात केला, थांबा. चर्चचा पाद्री त्याच्या शाळेतला होता, त्याच्याकडं जाऊन येतो म्हणाला. मी आत जाऊन मुलाजवळ बसले. उद्या दुपारी. एक दिवस. मी त्याच्या पायावर हात ठेवून तेवढंच म्हणत होते.

म्हातारा पायरी उतरला नाही तोच शेजारीण आली. एका पोऱ्याच्या सायकलवर मागं बसून, अनवाणी. बंद गिरणीच्या भिंतीला मागं भगदाड आहे, त्यातून वसाहतीतले लोक जा-ये करतात, पुढं रुळांखालच्या मोरीतून निघतात, फाटक लागतच नाही. ती त्या वाटेनं पाव तासात आली होती. चार महिने राहून ती वाट मला माहीत नव्हती.

ती भराभर बोलली. म्हाताऱ्यानं सांगायच्या आधीच मला कळलं होतं, कारण तिनं स्वतःच्या कमरेच्या कापडाला हात लावून मग तळहात दाखवला. सुनेला रक्त जायला लागलं होतं, आणि ती बडबडत होती.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तिला इथं आणू नका, इथून पुढं परत हलवावंच लागेल. सरळ राजधानीच्या मोठ्या दवाखान्यात न्या. धरणावरून पलीकडं, दीड-दोन तासांची वाट. आत्ता न्या. घरचं माणूस बरोबर पाहिजे, रक्त द्यावं लागेल, आणि तिथं ती किती दिवस राहील ते सांगता येत नाही.

मला निवड करायला फार जड गेलं, रात्रंदिवस विचार केला, असं काही मी सांगणार नाही. पिकअप एकच होती आणि तिच्यात लाकडं होती.

"लकडी उतारो," मी म्हणाले. "गाडी खाली करो."

"और ये?" म्हाताऱ्यानं आत बोट केलं.

"जला दो."

"बेन, कल तक रखवाता हूं. पाद्री से पूछता हूं."

"कल बिठायेगा कौन? तुमको आता?"

त्याला येत नव्हतं. तिथं कुणालाच येत नव्हतं.

मी आत गेले. डबीतली विभूती तीन बोटांनी मुलाच्या कपाळाला लावली. त्याच्या गळ्यातलं लिंग काढून डाव्या हातात दिलं. बोटं मिटेनात. मढी सांभाळणाऱ्या माणसानं पांढरी पट्टी आणली आणि लिंगासकट पंजा बांधून दिला, जखमेला बांधतात तसा, गाठ नीट आत खोचून.

"आग कौन देगा?" म्हाताऱ्यानं दारातून विचारलं.

"तुम देव. बाप की उमर के हो."

लाकडं दवाखान्याच्या अंगणात उतरली. मी शेजारणीला घेऊन पिकअपमध्ये बसले. परत बाजार, रूळ, भिंती, वसाहत. फाटक या वेळी उघडं होतं. सुनेला चादरीत घालून आम्ही दोघींनी उचललं. ती मला म्हणाली, "आत्या, ह्यांचा ताप उतरला का?" मी म्हणाले, "उतरला." मग तीच वाट उलटी. भिंती, रूळ, बाजार, दवाखान्याचं फाटक. फाटकातून लाकडं दिसली, ती अजून तिथंच पडलेली होती. गाडी थांबली नाही. पुढं उतार लागला आणि धरण आलं.

लोक मला विचारतात, धरणावरून मागं वळून पाहिलं तेव्हा धूर दिसला का. मी मागं पाहिलं नाही. सुनेचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि खाली पाण्याचा एवढा आवाज होता की ती श्वास घेते का ते ऐकू येईना. मी तिच्या नाकापाशी बोट धरून बसले होते.

मोठ्या दवाखान्यात पोटातलं गेलं. मुलगा होता. सुनेला माझं रक्त चाललं.

अकरा दिवसांनी आम्ही खोलीतलं सामान आवरायला परत त्या गावात आलो. म्हातारा वसाहतीपर्यंत चालत आला, हातात स्टीलचा डबा. त्यात राख. त्यानं नीट फडक्यात बांधून आणली होती. मला त्याचं काय करायचं ते कळेना. आमच्यात राखेची काही रीतच नाही. मी त्याला म्हणाले, तुम्हीच नदीत सोडा. तो बरं म्हणाला आणि डबा घेऊन परत गेला, रुळांकडं, भिंतीच्या सावलीसावलीनं. शेजारणीनं वाटेत खायला म्हणून वाळलेली मासळी बांधून दिली. आम्ही मासळी खात नाही. मी घेतली.

सिरसाळ्यात दारात पाय ठेवला तेव्हा दीर ओट्यावर बसलेले होते.

"पाटावर बसवून माती दिली ना, वहिनी?"

"न्हाई. जाळलं."

"जाळलं? आन् तुमी कुठं व्हता?"

"सुनंपाशी."

ते उठून गेले. आमच्या मठाच्या स्वामींनी सांगितलं, दर्भाचा पुतळा करून बसवता येईल, खड्डा काढू. मी नको म्हणाले. दर्भाच्या पुतळ्याला मी जन्म दिला नव्हता. आळीतल्या बायका वर्षभर माझ्यामागं बोलत राहिल्या. एकीनं तोंडावरच म्हटलं, पोटचं पोरगं परक्याच्या हाती देऊन सुनंला घेऊन आली. मी म्हणाले, हां, आणली.

माझं चुकलं ते कुठं, हे मला पक्कं ठाऊक आहे. ते दवाखान्याच्या दारात नाही. ते काढ्याच्या भांड्यापाशी. पहिल्याच दिवशी सुनेचं ऐकलं असतं तर गुडघा वाकायचा प्रश्नच नव्हता. जाळायला सांगितलं त्याचा मला पस्तावा नाही. पण त्याचं तोंड आठवायला जावं तर तो मला नेहमी आडवाच दिसतो, आणि डोळ्यांसमोर कितीदा उठवून बसवला तरी बसत नाही.

दोन वर्षांनी मी सुनेचं दुसरं लग्न लावून दिलं, लिंबागणेशच्या बाजूला, किराणा दुकानवाल्याशी. पाठवणीला तिचे आईबाप होते, तरी ओटी मी भरली. आता ती स्वतः सासू झालीय.

त्या वसाहतीतल्या खोलीत, पोटातलं धरून, आम्ही चौघं होतो. वाचलो दोघी. सून आणि मी.